सगळा पीसी बदलण्याआधी

गेमिंग पीसी पाच-सहा वर्षांचा झाला आणि नवे गेम अडखळू लागले, की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. कॅबिनेटमधली सर्वांत महाग वस्तू तीच असते, जाहिराती तिच्याच होतात आणि मित्रांच्या गप्पांतही तिचाच आकडा विचारला जातो. बेंगळुरूत टाउन हॉलजवळ सदर पत्रप्पा रोड आहे. सगळे त्याला एस. पी. रोड म्हणतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसा इथल्या पीसी जुळवणाऱ्यांना तो. तिथे किंवा कुठल्याही ऑनलाइन दुकानात या दुखण्यावर दोनच उपाय हमखास सुचवले जातात: कार्ड बदला, नाहीतर बोर्ड-प्रोसेसर-रॅमचा नवा कॉम्बो घ्या. पहिल्या उपायाने बऱ्याचदा दुखणे जात नाही आणि दुसऱ्यात चालत्या वस्तू अडगळीत जातात. पुण्या-कोल्हापूरहून इथे नोकरीला आलेली कितीतरी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या पगारातून हा खर्च करतात. त्यांनी तो डोळसपणे करावा असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे असे की, दुखणे प्रोसेसरचे आहे हे एकदा मोजून नक्की झाले, तर पहिला विचार आहे त्याच मदरबोर्डवर बसणाऱ्या सर्वांत चांगल्या प्रोसेसरचा व्हावा. बाकी सगळे त्यानंतर.

हे का, ते समजायला पडद्यावरची एक फ्रेम कशी तयार होते ते पाहावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर पुरेपूर वापरायचा तर जेमतेम ६.९. या वेळात आधी प्रोसेसर गेममधल्या जगाचा हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गर्दीतला प्रत्येक माणूस कुठल्या दिशेने निघाला, कुठला आवाज वाजला पाहिजे. मग पडद्यावर काय काय काढायचे याच्या आज्ञांची यादी, म्हणजे ड्रॉ कॉल, तो ग्राफिक्स कार्डाला देतो आणि कार्ड ते चित्र रंगवते. कार्ड एक फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही, ज्याला जास्त वेळ लागतो त्याचाच वेग सगळ्यांना लागू होतो. समजा प्रोसेसरला १४ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ८. मग सेकंदाला ७१ फ्रेम मिळतील. आता दुप्पट ताकदीचे कार्ड आणले, ८ चे ४ झाले, तरी फ्रेम ७१ च राहतात, फक्त कार्ड आणखी जास्त वेळ रिकामे बसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार.

याचा अर्थ ‘बॉटलनेक’ हा एखाद्या प्रोसेसरच्या अंगचा कायमचा दोष नसतो. तोच पीसी एका गेममध्ये कार्डामुळे अडतो आणि दुसऱ्यात प्रोसेसरमुळे. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये चित्र तुलनेने हलके असते आणि फ्रेम शेकड्यांनी हव्या असतात, म्हणून भार प्रोसेसरवर येतो. ‘बाल्डर्स गेट ३’ पहिल्या अंकात सुरळीत चालतो आणि तिसऱ्या अंकातल्या गजबजलेल्या शहरात शिरताच फ्रेम कोसळतात, कारण तिथे हिशेब ठेवायची माणसे एकदम वाढतात. प्रोसेसर आणि कार्डाची नावे टाकली की ‘इतके टक्के बॉटलनेक’ असा आकडा देणारी जी कॅल्क्युलेटर इंटरनेटवर आहेत, त्यांच्यावर म्हणूनच विसंबू नये. कुठला गेम, कुठले रिझोल्यूशन आणि किती फ्रेमची अपेक्षा हे ठरल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही.

निदान चुकण्याचे सर्वांत मोठे कारण टास्क मॅनेजरमधला प्रोसेसर-वापराचा आकडा हे आहे. गेम अडखळतोय आणि तिथे ४५ टक्के दिसतात, मग प्रोसेसरचा काय दोष, असा सरळ वाटणारा युक्तिवाद केला जातो. पण तो आकडा सगळ्या थ्रेडांची सरासरी असतो. रायझन ५ २६०० ला सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड क्षणभरही न थांबता राबत असला तरी एकूण वापरात त्याची भर फक्त ८ टक्क्यांची. आणि बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असा असतोच, ज्याचे काम इतरांत वाटून देता येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच या मर्यादेवर बोट ठेवले होते: कामाचा ४० टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर कोअर कितीही वाढवा, वेग अडीच पटींच्या पुढे जाणार नाही. याच बेंगळुरूत इंटेलच्या अभियंत्यांनी रचलेला सहा कोअरांचा झिऑन ७४००, सांकेतिक नावाने ‘डनिंग्टन’, सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. तो सर्व्हरसाठी होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या शेकडो लोकांच्या विनंत्या सहा कोअरांत सहज वाटून टाकता येतात. गेममध्ये मात्र गोळी लागली की नाही हे ठरल्याशिवाय समोरचा पडेल की नाही हे ठरत नाही. म्हणून गेमसाठी प्रोसेसर निवडताना कोअरांच्या संख्येआधी एकेका कोअरचा वेग पाहायचा.

मोजणे अवघड नाही. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे फुकट सॉफ्टवेअर फ्रेम आणि कार्डाचा वापर खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात दाखवते. गेममधली फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करावे, आणि जिथे हमखास अडखळते अशाच जागी, भर बाजारात किंवा धुमश्चक्रीत, जाऊन उभे राहावे. कार्डाचा वापर ९५ च्या वर असेल तर मर्यादा कार्डाची आहे आणि या लेखाचा पुढचा भाग त्या पीसीला लागू नाही. तो ६०-७० वर घुटमळत असेल तर संशय प्रोसेसरवर. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. कार्डाचे ओझे निम्म्याहून कमी झाले तरी फ्रेम जिथल्या तिथे राहिल्या, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. सरासरी फ्रेमवर मात्र समाधान मानू नये. सरासरी ९० असून प्रत्येक शंभरातली सर्वांत हळू फ्रेम ४० मिलिसेकंद घेत असेल, तर हाताला जाणवतो तो त्या फ्रेमचा झटका. चाचण्यांत ‘वन पर्सेंट लो’ म्हणून जो आकडा देतात तो याचसाठी, आणि कमजोर प्रोसेसर आधी तिथेच उघडा पडतो.

या टप्प्यावरही पैसे काढायची घाई नको, कारण प्रोसेसरच्या नावावर खपणारी काही दुखणी प्रोसेसरची नसतात. आपल्याकडे दुकानात जुळवून मिळालेल्या अनेक पीसींत रॅमची एकच कांडी असते. दोन कांड्या असल्या तर प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोन रस्ते मिळतात आणि प्रोसेसरवर अडलेल्या गेममध्ये हा फरक ठळकपणे दिसतो. दुसरी गोष्ट अधिक सर्रास आढळते: रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेले असते, पण बायॉसमध्ये एक्सएमपी चालूच केलेले नसते, आणि ती वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वर धावते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्पीड’ पाहिला की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. रायझनमध्ये तर प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे नुकसान दुहेरी. एकूण रॅमच ८ जीबी असेल आणि ती भरून डिस्कवर ओतली जात असेल, तरीही असेच झटके बसतात. बेंगळुरूची हवा थंड म्हणून नावाजलेली आहे, पण बांधकामांची धूळ कूलरच्या पात्यांत बसतेच, आणि पाच वर्षांत थर्मल पेस्ट वाळून कडक होते. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि बाहेरून ते म्हातारपणासारखे दिसते. साफसफाई, नवी पेस्ट, एक्सएमपी आणि गर्दीची घनता किंवा रे ट्रेसिंगसारखी प्रोसेसरला जड जाणारी सेटिंग कमी करणे, एवढे करून पुन्हा मोजावे. काहींचा शोध इथेच संपतो.

ज्यांचा संपत नाही त्यांना नवे कार्ड घेण्याचा मोह होतो, आणि त्याच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा: मोठे कार्ड घ्या आणि रिझोल्यूशन वाढवा, म्हणजे भार कार्डावर जाईल आणि बॉटलनेक मिटेल. कार्डाचा वापर ९८ टक्के दिसू लागेल हे खरे, पण फ्रेम वाढणार नाहीत. प्रोसेसरने घातलेली ७१ ची मर्यादा कायम राहते, फक्त चित्र अधिक रेखीव होते. ज्याला तेवढेच हवे आहे त्याने खुशाल घ्यावे. झटक्यांनी वैतागलेल्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरवरच चालतो, आणि जुन्या प्रोसेसरला त्याचाही भार होऊ शकतो. याचे ताजे उदाहरण इंटेलचे आर्क बी५८०. डिसेंबर २०२४ मध्ये ते आले तेव्हा कमी पैशात चांगले कार्ड म्हणून त्याचे कौतुक झाले, कारण परीक्षणे नव्या, दमदार प्रोसेसरांवर झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरांवर लावून पाहिले, तेव्हा काही गेममध्ये त्याचा वेग इतका घसरला की त्याच्याहून दुबळी मानलेली कार्डे पुढे गेली. स्वस्त कार्ड घेणारा गिऱ्हाईक बहुधा जुना पीसी सुधारणाराच असतो. परीक्षणातले आकडे ज्याच्यासाठी, त्याच्याच घरी ते खोटे ठरत होते.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या डीएलएसएस ३ बरोबर फ्रेम जनरेशन आले, २०२३ मध्ये एएमडीनेही तशी सोय दिली. दोन खऱ्या फ्रेमांच्या मधली फ्रेम कार्ड स्वतःच बनवते, प्रोसेसरला विचारत नाही. मग प्रोसेसर कमजोर असला तर बिघडले कुठे? ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’सारख्या संथ गेममध्ये हे तंत्र खरोखर उपयोगी पडते, ते नाकारायचे कारण नाही. पण मधल्या फ्रेममध्ये नवे काही घडत नसते. माउस हलवल्याचा परिणाम पुढच्या खऱ्या फ्रेममध्येच दिसतो, आणि मधली फ्रेम बनवायला पुढची हाती असावी लागत असल्याने थोडा उशीरच होतो. सेकंदाला ३५ खऱ्या फ्रेम देणारा पीसी पडद्यावर ७० दाखवील, पण हाताला तो ३५ चाच, किंबहुना त्याहून जड वाटेल. आणि प्रोसेसरचे झटके असतील तर ते तसेच राहतील.

आता मूळ मुद्दा. मार्च २०१७ मध्ये एएमडीने पहिले रायझन प्रोसेसर एएम४ या सॉकेटवर आणले, आणि २०२२ मध्ये त्या पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही बायॉस अद्ययावत करून रायझन ५००० मालिका चालवायची परवानगी दिली. म्हणजे २०१७-१८ सालच्या बी३५० किंवा बी४५० बोर्डावर, कंपनीने तसा बायॉस दिला असेल तर, २०२२ चा प्रोसेसर बसतो. या एका गोष्टीमुळे लाखमोलाची सोय झाली आहे. रायझन ५ २६०० काढून तिथे रायझन ५ ५६०० लावला तर कोअर सहाचे सहाच राहतात. पण कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्झवरून ४.४ वर जातो, प्रत्येक ठोक्याला होणारे काम वाढते आणि एल३ कॅश १६ एमबीवरून ३२ एमबी होते. विजेची गरज कागदावर ६५ वॉटच राहते, म्हणून बहुतेक वेळा जुना एसएमपीएस आणि कूलरही चालून जातो.

कॅशचा उल्लेख ओघात करून चालणार नाही, कारण गेमच्या बाबतीत तीच कळीची ठरते. प्रोसेसरला हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही तर रॅमकडे जावे लागते, आणि तिथून ती यायला साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे सुमारे तीनशे ठोक्यांचे नुसते वाट पाहणे झाले. कोण कुठे आहे आणि कुणाजवळ काय आहे याच्या विखुरलेल्या नोंदी गेम सतत चाळत असतो, म्हणून ही वाट पाहण्याची वेळ वारंवार येते. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला, त्यात नेहमीच्या ३२ एमबीवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर चिपवरच चढवला होता. त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी आहे, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, तरीही गेममध्ये तो स्पष्टपणे पुढे असतो. गिगाहर्ट्झ कमी करून फ्रेम वाढतात, यावरून गेमचा प्रोसेसर गणितात कमी आणि प्रतीक्षेत जास्त अडतो हे दिसते. हा आणि त्याच्यासारखाच २०२४ मधला ५७००एक्स३डी आता नवे क्वचितच मिळतात. जुन्या बाजारात योग्य भावाने मिळाले तर घ्यावेत, नाहीतर ५६०० किंवा आठ कोअरांचा ५७००एक्स पुरेसा आहे.

यावर खरा आक्षेप असा की एएम४ संपलेला रस्ता आहे. सप्टेंबर २०२२ पासून एएम५ आहे आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. मग संपणाऱ्या सॉकेटवर पैसे का घालायचे? उत्तर हिशेबातच आहे. एएम५ म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, तिन्ही नवे. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणेच थांबवत असल्याची घोषणा केली. अशा वेळी घरात असलेली १६ जीबी डीडीआर४ मोलाची आहे, तिला उपयोगात ठेवणारा पर्याय उजवाच ठरतो. शिवाय बोर्डाला पुढे भविष्य आहे की नाही हा प्रश्न नवीन बोर्ड घेणाऱ्याने विचारायचा असतो. ज्याच्याकडे बोर्ड आधीच आहे, त्याच्यापुढे फक्त पुढच्या तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. आक्षेप जिथे खरा आहे तिथे तो मान्य करावा: वरच्या श्रेणीचे कार्ड आणि २४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्याने किंवा व्हिडिओ संपादनावर पोट असलेल्याने सरळ एएम५ वर जावे.

इंटेलचा जुना पीसी असलेल्यांसाठी बातमी इतकी चांगली नाही. ऑक्टोबर २०१७ मधल्या आठव्या पिढीचे प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीसारख्याच दिसणाऱ्या एलजीए ११५१ सॉकेटचे आहेत, पण जुन्या बोर्डांवर ते चालत नाहीत. आय५-७४०० असलेल्या एच११० बोर्डाची धाव आय७-७७०० पर्यंतच, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो आय७ बसत नाही. अशा पीसीसाठी जुना आय७ शोधत फिरू नये. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलावे, आणि कार्ड, एसएसडी, कॅबिनेट व चांगला असेल तर एसएमपीएस जपून ठेवावा. बारावी ते चौदावी पिढी एकाच सॉकेटची आहे, त्यामुळे आय३-१२१०० असलेल्याला वर जायला जागा आहे. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर जुने घेताना सावध राहावे, कारण जादा व्होल्टेजमुळे त्यांतल्या काहींना झालेली इजा २०२४ च्या दुरुस्तीनेही भरून येत नाही. एएम४ वाल्यांना उलट एक अनपेक्षित लाभ आहे. पहिल्या पिढीचा रायझन ५ १६०० विंडोज ११ च्या यादीत नाही, पण त्याच बोर्डावर ५६०० बसवला की प्रोसेसरची अट पूर्ण होते. बायॉसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू केले की विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ची अटही भागते.

बदल करताना क्रम चुकवू नये. बोर्डाचे नेमके नाव आणि आवृत्ती बोर्डावरच छापलेली असते. कंपनीच्या यादीत त्या आवृत्तीसमोर हवा तो प्रोसेसर आणि त्याला लागणारा बायॉस पाहून घ्यावा, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, यूपीएस लावून, बायॉस चढवावा. बायॉसच्या चिपमध्ये जागा अपुरी पडल्याने काही बोर्डांच्या नव्या आवृत्तीतून सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, म्हणून यादीखालच्या टिपाही वाचाव्यात. एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ बारीक पिना असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, आणि कूलर सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर त्याच्यासह उपटून येतो. पिना वाकतात त्या इथेच. आधी दहा-पंधरा मिनिटे गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, पीसी बंद करून वायर काढावी, स्क्रू सोडवून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करावा, मगच उचलावा. आणि हे सगळे करण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात असल्याची खात्री करावी किंवा कागदावर उतरवून घ्यावी. टीपीएम प्रोसेसरमधलेच असेल तर नव्या प्रोसेसरबरोबर ते बदलते. पहिल्याच स्क्रीनवर एफटीपीएम रीसेट करायचे का असा प्रश्न येतो, आणि होकार दिल्यावर विंडोज ती ४८ अंकी की मागते. ती हाताशी नसेल तर डिस्कवरचे काहीच उघडत नाही.